डोळ्यांतलं पाणी आणि ताटातले अकरा खडे

आधी प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणारा तेवीस वर्षांचा नट आहे, सांगलीकडचा. दिवसा नोकरी, संध्याकाळी सात ते दहा तालीम. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतून त्यांचं नाटक अंतिम फेरीला निवडलं गेलंय. शेवटच्या प्रवेशात हा, म्हणजे धाकटा मुलगा, वारलेल्या आईची ट्रंक उघडतो आणि तिचं लुगडं बाहेर काढतो. समोर थोरला भाऊ, ज्यानं जमीन परस्पर विकून टाकलीय. संहितेत कंसात लिहिलंय, 'लुगडं छातीशी धरून हमसून हमसून रडतो.' उभ्या तालमी सुरू झाल्या तेव्हा याला खरंच रडू यायचं. एन्ट्रीच्या आधी विंगेत उभा राहून हा आपल्या आजोबांचा शेवटचा दिवस आठवायचा. प्राथमिक फेरीलाही रडू आलं. मग आजूबाजूच्या गावांत चार प्रयोग झाले आणि डोळे कोरडे पडले. दिग्दर्शक म्हणतात, 'आतून येत नाही.' मित्र म्हणतो, पुण्यात मेथड ॲक्टिंगची (म्हणजे स्वतःच्या आठवणींतून भावना आणून अभिनय करण्याची) पाच दिवसांची कार्यशाळा आहे, बारा हजार फी, ती कर. त्यामुळे प्रश्न दोन: कार्यशाळा करू का, आणि मी मुळात खोटा नट आहे का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देते: नाहीस. (अरे-तुरे करतेय त्याचा राग मानू नकोस. तालमीत अहो-जाहो करून मला काही सांगताच येत नाही.) तीस वर्षं या धंद्यात आहे, त्यातली निम्मी शिकवण्यात गेली. हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की समोरचा 'मॅडम, पहिल्या प्रयोगाला ना…' एवढं म्हणाला तरी पुढचं कळतं. आणि पहिल्यांदा तो मला कुणीही विचारला नव्हता, तो माझाच होता. ते पुढे सांगते.

तू लिहिलंयस ते मी दोनदा वाचलं. त्यात 'रडू' किंवा 'रडणं' नऊ वेळा आलंय. भाऊ एकदा आलाय, तोही 'समोर भाऊ असतो' एवढाच. तो काय करत असतो, तुझ्याकडे बघतो की खिडकीतून बाहेर, जमीन विकल्याबद्दल त्याला लाज वाटते की राग येतो, यातलं काहीच नाही. माझ्या मते तुझी अडचण रडू येत नाही ही नाहीये. त्या प्रवेशात तुझं सगळं लक्ष तुझ्या स्वतःच्या डोळ्यांकडे असतं, ही आहे. पाणी आलं का, येतंय का, मागच्या वेळी या वाक्याला आलं होतं, आता का नाही? ज्याच्या घरातली आई गेलीय तो माणूस असा विचार करत नाही. असा विचार परीक्षेला बसलेला माणूस करतो. प्रेक्षकाला नेमका तोच दिसतो, आणि त्याला मग 'आतून येत नाही' असं नाव मिळतं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते कबूल करते. मी तुमचा प्रयोग पाहिलेला नाही. कदाचित भावाचं काम करणारा नट बदलला असेल आणि तू ते सांगायला विसरला असशील. कदाचित तालमीचा हॉल लहान होता आणि आता सातशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात आवाज पोचवण्यातच तुझी शक्ती जात असेल. कदाचित तू नुसता दमला असशील. आठ तास नोकरी आणि वर एसटीचा प्रवास करून कुणालाही काही वाटेनासं होतं. आणि आजोबा गेल्याला वर्षही झालं नसेल तर माझं बाकी काही ऐकू नकोस, पण एवढं ऐक: त्यांना विंगेत आणू नकोस. का, ते माझ्या गोष्टीत येईल.

तुझ्यासारखंच एका मोठ्या नटाचं झालं होतं आणि अभिनय-शिक्षणाचं आधुनिक शास्त्र निम्म्याहून जास्त त्यातूनच जन्माला आलं. कॉन्स्टान्टिन स्टॅनिस्लावस्की. १८९८ साली त्यानं नेमिरोविच-दान्चेन्कोबरोबर मॉस्को आर्ट थिएटर उभं केलं. १९०० पासून तो इब्सेनच्या नाटकातला डॉ. स्टॉकमन करत होता. गावाच्या स्नानगृहांचं पाणी दूषित आहे हे सांगून सगळ्या गावाचा शत्रू झालेला तो डॉक्टर. भूमिका गाजली. चालणं, वाकणं, बोलताना दोन बोटं पुढे काढणं, सगळं आपोआप यायचं, कारण आतून तो माणूस दिसत होता. मग १९०६ च्या उन्हाळ्यात फिनलंडमध्ये सुट्टीवर असताना समुद्राकाठी बसून त्यानं स्वतःची झाडाझडती घेतली. त्याच्या लक्षात आलं की बोटं अजून पुढे येतात, चाल तीच आहे, आणि आत काहीच नाही. वर्षानुवर्षांच्या प्रयोगांत जिवंत होतं ते झिजून गेलं आणि सवय तेवढी उरली. तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता आणि रशियातल्या नामांकित नटांत त्याची गणती होत होती. त्याला पाच-सहा वर्षांनी कळलं ते तुला चार प्रयोगांत कळलं. तू त्याच्यापेक्षा मोठा नट आहेस असं नाही. तुझ्याकडे सवयीचं कवच अजून तयार झालेलं नाही, म्हणून पोकळी लगेच उघडी पडली.

या जागी तो जे शोधायला लागला त्यातली पहिली गोष्ट तीच, जी तू न शिकता करत होतास. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यानं भावनांच्या स्मृतीबद्दल लिहिलं होतं. स्टॅनिस्लावस्कीला वाटलं, नटाच्या आयुष्यातली अशी स्मृती जागी करता आली तर प्रत्येक प्रयोगाला भावना ताजी मिळेल. १९१२ मध्ये त्यानं फर्स्ट स्टुडिओ काढला, तिथं याचे प्रयोग झाले. तिथले बोलेस्लावस्की आणि ऊस्पेन्स्काया पुढे अमेरिकेत शिकवायला लागले. त्यांच्याकडे ली स्ट्रासबर्ग शिकला, स्टेला ॲडलरही शिकली. १९३१ मध्ये न्यूयॉर्कला ग्रुप थिएटर निघालं तेव्हा स्ट्रासबर्गनं नटांना शिकवताना या स्मृतीवर सगळ्यात जास्त भर दिला. आज 'मेथड' म्हणून जे ओळखलं जातं त्याचं मूळ हे.

पण मधल्या काळात मूळ माणूस, स्टॅनिस्लावस्की, पुढे निघून गेला होता. १९३४ मध्ये स्टेला ॲडलर पॅरिसला त्याला भेटली आणि तोंडावर म्हणाली की तुमच्या पद्धतीनं माझा अभिनयातला आनंद गेला. म्हाताऱ्यानं पाच-एक आठवडे तिच्याबरोबर काम केलं. तिनं परत येऊन सांगितलं: तो स्मृतीला आता शेवटचा उपाय मानतो, आधी बघतो नाटकातली परिस्थिती आणि पात्र तिथं काय करतं. स्ट्रासबर्गला ते पटलं नाही. दोघांचं तेव्हापासून जे बिनसलं ते कायमचंच. शेवटच्या वर्षांत, १९३८ मध्ये जाईपर्यंत, स्टॅनिस्लावस्की नटांना सांगत होता की भावनेच्या मागे लागू नका, कृतीची साखळी बांधा. तुझ्या माझ्यापर्यंत हे उशिरा पोचलं, त्याला छपाईचंही कारण आहे. त्याचं आतल्या तयारीबद्दलचं पुस्तक इंग्रजीत १९३६ ला आलं. आवाज, शरीर, लय यांबद्दलचं दुसरं आलं १९४९ ला. त्याच्या मनात तो एकाच अभ्यासाचा सलग आराखडा होता, जगानं मात्र तेरा वर्षं अर्धाच वाचला. आपल्याकडेही के. नारायण काळे यांनी पहिलं पुस्तक मराठीत आणलं. त्यामुळे आपल्या तालमींत 'आतून', 'आतून' फार ऐकू येतं.

स्ट्रासबर्गवर अन्याय नको. त्याची पद्धत नुसती 'दुःख आठव' एवढी नव्हती. त्याच्या व्यायामात नट खोलीचा प्रकाश, कपड्याचा स्पर्श, वास असे इंद्रियांचे तपशील शोधतो आणि भावना आली तर येते. तू थेट दुःखाच्याच दारावर धडका मारत होतास. शिवाय सिनेमात हा मार्ग चालतोही. कॅमेरा जवळ असतो, तीन-चार टेक, ते अश्रू पडद्यावर कायमचे उरतात आणि तो नट पुन्हा त्या खोलीत जात नाही. नाटकात तुला रविवारी दुपारी साडेचारलाही आई मारायची असते आणि रात्री साडेआठलाही.

आता माझं. एका प्रायोगिक नाटकात माझं काम होतं, नवरा फिरतीवर असलेल्या बाईचं. मी तांदूळ निवडत बसलेली, शेजारीण येते, इकडचं तिकडचं बोलते आणि मग तो अपघातात गेल्याचं सांगते. पहिल्या पाच-सहा प्रयोगांत मी ढसाढसा रडले. लोक भेटायला आले की त्यांचेही डोळे लाल. सातव्या की आठव्या प्रयोगाला आटलं. मग मी आजीला कामाला लावलं. आजीचा शेवटचा श्वास, तिच्या हाताची कातडी. तेही काही प्रयोग चाललं. मग आजीचा हात आठवूनही काही होईना, म्हणून मी तिच्या आयुष्यातल्या आणखी वाईट गोष्टी उकरू लागले. हे लिहितानाही मला लाज वाटते. नाटक बंद होऊन आता कितीतरी वर्षं झाली, तरी आजी आठवायला गेले की तिच्याआधी मला ती विंग दिसते: काळा पडदा, पायाशी फायर बकेट, आणि मी मान खाली घालून उभी. वापरून वापरून ती आठवण माझी राहिली नाही, नाटकाची झाली. म्हणून तुला म्हटलं, आजोबांना आणू नकोस.

त्या दिवसांत आमच्या दिग्दर्शकांनी मला बाजूला घेऊन एकच वाक्य सांगितलं: 'तू तांदूळ निवडत नाहीस, ताटात बोटं फिरवतेस.' खरंच होतं. माझं लक्ष शेजारणीच्या त्या वाक्याकडे असायचं. ते आलं की मला रडायचं असायचं, त्यामुळे त्याआधीची चार मिनिटं मी फक्त वाट बघत बसायचे. पुढच्या प्रयोगाला त्यांनी स्वतः ताट भरलं आणि त्यात अकरा बारीक खडे मिसळले, तांदळाच्याच रंगाचे. म्हणाले, अकराच्या अकरा काढून ताटाच्या कडेला ओळीनं लाव. बाकी काही करू नकोस.

रंगमंचावरच्या प्रकाशात पांढऱ्या तांदळातला पांढरट खडा शोधणं सोपं नसतं. मान वाकते, डोळे बारीक होतात, बोलणं आपोआप तुटक होतं, 'हं, मग?', 'असं का', कारण लक्ष ताटात असतं. ती बातमी सांगत होती तेव्हा माझे नऊ निघाले होते. ऐकलं, आणि मी दहावा शोधायला लागले. मिळेना. ताट उचलून मी ते गोल गोल हलवलं, पाखडल्यासारखं, कडेचे नऊही परत तांदळात मिसळले. ते बघून माझे हात थांबले. समोर नाट्यगृहात कुणी खोकत नव्हतं. मी त्या दिवशी रडले की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. शेजारणीचं काम करणाऱ्या ताई मात्र आत आल्यावर म्हणाल्या की पुढचं वाक्य त्यांच्या घशातून निघेना. त्यानंतरच्या तीस-बत्तीस प्रयोगांत कधी पाणी आलं, कधी नाही. कितवा खडा हातात असताना बातमी येईल हे मला कधीच माहीत नसायचं, त्यामुळे प्रवेश शिळा झाला नाही. प्रॉम्प्टिंगला बसणारे आमचे काका एकदा म्हणाले, 'तुझं रडणं बंद झाल्यापासून नाटक दोन मिनिटं लवकर संपतं, मला शेवटची बस मिळते.'

हे का चालतं, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिलंय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनं १८८४ मध्येच म्हटलं होतं की आपण घाबरतो म्हणून पळत नाही, पळतो म्हणून घाबरतो. रशियन दिग्दर्शक मायरहोल्डनं त्याच अंगानं जाऊन शरीराचे नेमके व्यायाम बांधले. आज मानसशास्त्र ते इतकं सरळ मानत नाही. मी माझ्यापुरतं साधं समजते: भावनेला हुकूम देता येत नाही, लक्षाला आणि हातांना देता येतो. हात खऱ्या कामात असले की श्वास मोकळा राहतो. रडू आणायला जातोस तेव्हा काय होतं ते आरशासमोर बघ, जबडा आवळतो, गळा धरतो, श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो. या अवस्थेत खरं रडू असलं तरी बाहेर येणार नाही.

आणि मृत्यू झालेलं घर कसं असतं ते तर तुला माहीत आहे. कोणी मडकं आणायला गेलेलं असतं, कोणी डॉक्टरांकडे सर्टिफिकेटला, कोणी बाहेरगावच्या लोकांना फोन लावतंय, शेजारची बाई न विचारता चहाचं आधण ठेवते. ज्याचं सगळ्यात जवळचं माणूस गेलंय तोच पुष्कळदा 'बांबू किती लागतील' हे विचारत फिरत असतो. तो मोडतो चार दिवसांनी, चष्म्याच्या डबीवर. लेखकानं कंसात लिहिलं ते त्याला दिसलेलं शेवटचं चित्र आहे. तिथं पोचायचा रस्ता कंसात नसतो, तो तालमीत काढावा लागतो.

तर तुझं लुगडं. ते छातीशी धरायचं की नाही हा वाद बाजूला ठेव आणि आधी एक ठरव: हा मुलगा ट्रंक उघडतो कशासाठी? तुमची संहिता माझ्यासमोर नाही, त्यामुळे तुलाच शोधावं लागेल. पण 'आईची आठवण येते म्हणून' हे उत्तर नापास, कारण आठवण काढणं ही करता येण्यासारखी गोष्ट नाही. सात-बारा शोधतोय, पासबुक शोधतोय, भाऊ विकायला काढायच्या आत एक वस्तू उचलून न्यायचीय, असं काहीतरी हवं, जे पूर्ण झालं की नाही हे दुसऱ्या माणसाला डोळ्यांनी दिसेल. समज पासबुक शोधतोयस. लुगडं वर आहे म्हणून ते बाहेर निघालं. पासबुक मिळालं किंवा नाही मिळालं, लुगडं परत ठेवायला हवं, आणि आईच्या ट्रंकेत बोळा करून कसं ठेवणार? घडी घालायला हवी.

इथं खरी गंमत आहे. नऊवारी लुगडं म्हणजे आठ मीटरच्या वर कापड. आपल्या आया हनुवटीखाली धरून, पायाच्या अंगठ्यात टोक पकडून एकट्यानं घालतातही, पण त्याला जन्म जावा लागतो. तेवीस वर्षांच्या मुलाला एकट्यानं जमत नाही. एक टोक नीट केलं की दुसरं जमिनीवर लोळतं. लहानपणी दुसरं टोक यानंच धरलेलं असणार, समोर आई. आता खोलीत दुसरा माणूस एकच आहे, ज्याच्याशी बोलायचं नाही तो. दोघांनी घडी घालायची म्हणजे काय करतात ते आठव: टोकं धरून लांब उभं राहायचं, ताणायचं, एक झटका द्यायचा, मग एकमेकांकडे चालत यायचं आणि आपलं टोक समोरच्याच्या हातात द्यायचं. बोटं लागतात. भावाच्या दिशेनं चार पावलं टाकल्याशिवाय ही घडी होत नाही.

म्हणजे तुझं काम झालं 'भावाला न सांगता दुसरं टोक धरायला लावणं'. तो धरेल की नाही हा त्याचा प्रश्न. पहिल्या पाच-सात तालमींत ते ठरवूच नका. एकदा तो धरेल, एकदा पाठ फिरवेल, एकदा टोक पायाखाली आलेलं त्याला कळणारच नाही. तुला त्याच्याकडे बघावंच लागेल, कारण पुढचं तुला माहीत नसेल. सॅनफर्ड माइसनर नावाचा ग्रुप थिएटरमधलाच एक नट पुढे शिक्षक झाला, त्याचं सगळं शिकवणं या एका गोष्टीवर उभं आहे: समोरच्यानं आत्ता काय केलं त्यावर तुझं पुढचं उभं राहू दे. नंतर दिग्दर्शक एक पर्याय पक्का करतील. तो पक्का करायचाच असतो, प्रकाशयोजना त्यावर ठरते. पण पक्की होईल ती कृती. तिच्याबरोबर काय वाटेल ते रोज वेगळं असू दे.

हे सगळं दिग्दर्शकांना न विचारता प्रयोगात घुसडू नकोस. आपल्याकडे हौशी मंडळींत यावरून संस्था फुटतात. 'सर, हा प्रवेश एकदा न रडता करून बघू का?' एवढंच विचार. शहाणे असतील तर हो म्हणतील. नाहीच म्हणाले, 'मला रडणंच हवं' म्हणाले, तर घडी घालून झाल्यावर छातीशी धर, तोंड लपव, खांदे हलू देत. तेही काम आहे, त्यात पाप नाही. संगीत नाटकाच्या काळात म्हणे मरणारं पात्र पद संपवून आडवं व्हायचं आणि वन्स मोअर आला की उठून पुन्हा गायचं, तरी लोक रडायचे. एक मात्र सांभाळ: हमसून रडताना शब्द खाल्ले जातात. शेवटच्या रांगेला तुझा हुंदका ऐकू येतो आणि वाक्य येत नाही, मग नाटक काय कळणार.

'आतून' या शब्दाबद्दलही दिग्दर्शकांशी कधीतरी बोल. भरतानं अश्रू सात्त्विक भावांत धरलेत, स्तंभ, स्वेद, रोमांच वगैरे आठांत. सात्त्विक म्हणजे मनातून येणारं, हे बरोबर. पण नाट्यशास्त्रात या सत्त्वाचं मूळ सांगताना 'समाहित मन' म्हटलंय, म्हणजे एकाग्र, एका जागी ठेवलेलं मन. नटानं स्वतःचं दुःख उकरावं असं तिथं म्हटलेलं नाही. माझे अकरा खडे आणि भरताचं समाहित मन यांत मला तरी फार अंतर दिसत नाही. केरळातल्या कूडियाट्टम किंवा कथकलीचा नट वर्षानुवर्षं नुसते डोळे तयार करतो, तेही लक्षाचंच शिक्षण आहे.

आता बारा हजार. शिकवणारी व्यक्ती कोण, यावर सगळं आहे. नाव काय दिलंय यावर नाही. 'मेथड' लिहिलं की फी वाढते, हे मी आतल्या गोटातून सांगते. विचारायचे प्रश्न हे: रोज किती तास, एका गटात किती जण, आवाजाचं नि शरीराचं काम आहे का, शेवटी संहितेवर काम होणार की पाच दिवस नुसते खेळ? आणि पहिल्याच दिवशी कुणी दिवे मंद करून 'तुमच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट प्रसंग सांगा' म्हणालं तर उठून बाहेर ये. मी एका शिबिरात हे पाहिलंय. एकोणीस वर्षांची मुलगी बोलता बोलता थरथरायला लागली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शिकवणारा म्हणाला 'ब्रेकथ्रू'. त्या मुलीला नंतर घरी सोडायला मी गेले होते, रिक्षात ती एक शब्द बोलली नाही. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या माणसानं दुसऱ्याच्या जखमेला हात लावू नये, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो.

पुढे खरंच शिकायचं असेल तर पाच दिवसांत होत नाही. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, दिल्लीला एनएसडीचा (राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा) तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. प्रत्येकाला ते परवडत नाही, मला माहीत आहे. मीही नोकरी करूनच शिकले. नोकरी करणाऱ्यासाठी माझा सल्ला रोज अर्ध्या तासाचा आहे: दहा मिनिटं श्वास आणि आवाज, दहा मिनिटं मोठ्यानं वाचन (वर्तमानपत्राचा अग्रलेखही चालेल, एका श्वासात वाक्य कुठवर जातं ते बघायचं), आणि दहा मिनिटं एक घरगुती काम, ज्यात मोजण्यासारखं काही आहे. बटण शिवणं, मेथी निवडणं, सायकलची चेन चढवणं. ते करताना तुझे हात कधी थांबतात, कधी भरभर चालतात, कुणी आत आलं की काय बदलतं, याची वही ठेव. पहिला आठवडा ती वही कंटाळवाणी असते.

अंतिम फेरीला तीन आठवडे आहेत म्हणालास. पहिला आठवडा फक्त कृती बांधायला घे. ट्रंकेची कडी कोणत्या हातानं, झाकण टेकवायला भिंत आहे की हातानं धरावं लागतं, डांबरगोळ्यांचा वास येतो का. लुगडं तालमीसाठी धुऊन इस्त्री केलेलं आणू नका, कुणाच्या तरी घरातलं वापरलेलं मागून आणा, कापडाचं वजन आणि मऊपणा वेगळा असतो. दुसऱ्या आठवड्यात भावाचं काम करणाऱ्याबरोबर दोघंच बसा आणि त्याला विचार, तुला त्या प्रवेशात माझ्याकडून काय हवं असतं. बहुतेक त्याला आजवर कुणी हे विचारलेलंच नसणार. तिसऱ्या आठवड्यात काही नवीन करू नकोस, झोप पुरी कर.

आणि एक विचारायचं राहिलं. लुगडं नऊवारीच आहे ना? हौशी नाटकांत घाईघाईत कुणाच्या तरी मावशीची सहावारी साडी येते आणि तिलाच लुगडं म्हणतात. सहावारी असेल तर ती तुला एकट्याला सहज घडी घालता येईल, भावाची गरजच उरणार नाही. आज रात्री तालमीला गेलास की आधी कापड मोजून घे.